घरची जुनी फियाट आणि नवी स्विफ्ट : तोलायचे कसे?

हळदीची पट्टी हातात पडली की हिंगोली आणि वसमतकडच्या अनेक घरांत गाडीचा विषय निघतो. त्यातल्या काही घरांत एक गाडी आधीच असते. आजोबांनी किंवा वडिलांनी हौसेने घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या बोलण्यातली फियाट, वाड्याच्या ढाळजेबाहेर किंवा शेतातल्या आखाड्यावर पत्र्याखाली उभी असते. मुलगा म्हणतो, ती काढून नवी घेऊ. वडील म्हणतात, हिच्यावर खर्च करू, अजून चालेल. वाद दरवर्षी होतो आणि दरवर्षी गाडी तिथेच उभी राहते. हा लेख अशा घरांसाठी आहे. जुनी गाडी नव्या गाडीशी कोणत्या निकषांवर तोलायची, कोणता निकष जड आणि कोणता हलका, आणि शेवटी निर्णयावर कसे यायचे, ते इथे क्रमाने पाहू.

आधी दोन्ही गाड्या समजून घ्या

पद्मिनी आपल्या महाराष्ट्राची गाडी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी घडली. १९६४ पासून ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघत होती. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, जोर मागच्या चाकांना, मागे पाटे आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक.

तुलनेसाठी मे २०२४ मध्ये आलेली मारुती स्विफ्ट घेऊ. तिचे इंजिन ११९७ सीसीचे, म्हणजे पद्मिनीपेक्षा थोडेच मोठे, आणि सिलिंडर एक कमी. ताकद मात्र सुमारे ८२ अश्वशक्ती, जवळजवळ दुप्पट. दोन्ही गाड्यांची लांबी चार मीटरच्या आत आणि दोन्हींचे वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणून ही तुलना न्याय्य आहे. जवळपास तेवढ्याच लोखंडातून पन्नास वर्षांत काय साधले, ते या जोडीत स्पष्ट दिसते.

घरी पद्मिनीऐवजी ॲम्बेसेडर किंवा महिंद्राची जुनी जीप असली, तरी पुढचे सगळे निकष तसेच लागू होतात. फक्त डिझेल जीपला पेट्रोलविषयीचा भाग वगळा.

सुरक्षितता : सगळ्यात जड निकष

'जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती मजबूत' हा समज आपल्याकडे घट्ट आहे आणि तो धोकादायक आहे. २००९ साली अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेवर काम करणाऱ्या विमा संस्थेने १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर धडकवल्या. जुनी गाडी अवजड लोखंडाची होती. तरीही तिची केबिन चुरगळून आत आली आणि त्या आघातात तिचा चालक वाचला नसता, असे मोजमापावरून दिसले. नव्या गाडीच्या चालकाला पायाच्या दुखापतीवर निभावले असते.

कारण साधे आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि धडकेची ऊर्जा तिथेच जिरवतो. माणसे बसतात तो सांगाडा मात्र ताठ राहतो. जुन्या गाडीत अशी विभागणीच नाही. धक्का थेट स्टिअरिंगच्या दांड्यातून छातीपर्यंत येतो. पद्मिनीत एअरबॅग नाही आणि जुन्या मॉडेलच्या मागच्या बाकाला पट्टेही नाहीत. नव्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग, चाक लॉक होऊ न देणारे एबीएस ब्रेक, घसरती गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा आणि लहान मुलांची खुर्ची घट्ट बसवण्याची सोय सगळ्याच मॉडेलना मिळते.

ब्रेकचा मुद्दा आपल्याकडे आणखी महत्त्वाचा झाला आहे. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड महामार्ग चौपदरी झाला आणि वाहनांचा वेग वाढला. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागून गाडी थांबायला अंतर चौपट लागते. त्यात ड्रम ब्रेक सलग वापरले की तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. पावसात पाणी आत गेले तर पहिले एक-दोन दाब वाया जातात. समोरची नवी गाडी एबीएसवर झटकन थांबते आणि मागची पद्मिनी तिच्यावर जाऊन आदळते.

म्हणून या निकषावर तडजोड करू नका. लेकराबाळांसह रात्रीचा प्रवास, महामार्गावरचा रोजचा प्रवास, नांदेडला दवाखान्यात तातडीने जाणे, ही कामे नव्या गाडीची आहेत. जुनी गाडी ठेवायची असेल तर दिवसा, ओळखीच्या रस्त्यावर आणि ताशी पन्नास-साठच्या आत चालवा. पुढच्या दोन्ही जागांना पट्टे बसवून घ्या, पण ते सीटच्या लोखंडाला न बांधता गाडीच्या मूळ सांगाड्याला पक्के करायला सांगा.

उन्हाळा, काळी माती आणि रस्ते

मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच असतो आणि तो इंजिनच्या गतीवर चालतो. उन्हात पंप आणि नळी तापली की पेट्रोलची नळीतच वाफ होते. पंप वाफ ओढू शकत नाही आणि गाडी बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवून जुने चालक गाडी पुन्हा सुरू करत, ते याचसाठी. नव्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे ढकलतो. त्यामुळे हा त्रास जवळजवळ उरत नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याने रेडिएटर आतून साफ करून घ्यावा, साध्या पाण्याऐवजी कूलंट घालावे, पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बांधावी आणि उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत प्रवास उरकावा.

काळ्या मातीत दोन्ही गाड्या दुबळ्या आहेत. पावसाळ्यात माती चाकाला थापली गेली की दोन चाकांच्या जोराची कोणतीही छोटी गाडी रुतते. स्विफ्ट जमिनीपासून १६३ मिलिमीटर उंच आहे. भरलेली गाडी गाडरस्त्याच्या चाकोरीत पोटाला घासते. शेतापर्यंत रोज जायचे असेल तर हॅचबॅकच्या बाजूने कौल देण्याआधी दहादा विचार करा. उंच गाडी बघा किंवा त्या कामाला दुचाकी ठेवा.

आणखी एक आपल्याकडचा शत्रू म्हणजे उंदीर. हळद, सोयाबीन साठवलेल्या घराजवळ गाडी उभी राहिली की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात. पद्मिनीत मोजक्या वायरी असतात आणि गावातला इलेक्ट्रिशियन त्या जोडून देतो. नव्या गाडीत एक सेन्सरची वायर तुटली तरी गाडी सुरू होत नाही आणि दुरुस्ती महाग पडते. नवी गाडी घेणार असाल तर उभी करण्याची जागा धान्याच्या खोलीपासून लांब ठेवा आणि विम्यात अशा नुकसानीची भरपाई मिळते का, हे आधीच विचारून घ्या.

आजचे पेट्रोल आणि कालचे इंजिन

आज पंपावर मिळते ते बहुतेक पेट्रोल ई-२० असते, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असे केलेले आहेत. पद्मिनीच्या काळात तसा विचारच नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते आणि ठिसूळ करते. नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची गॅस्केट त्यामुळे जातात. ते हवेतला ओलावाही ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी साचते आणि टाकी आतून गंजते.

उपाय अवघड नाहीत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. कार्बोरेटरचा संच बदला. पारदर्शक फिल्टर बसवा, म्हणजे गंज आणि पाणी डोळ्यांना दिसते. इथेनॉलमुळे मिश्रणात पेट्रोलचा वाटा कमी पडतो, म्हणून जेट आणि ट्यूनिंग जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. गाडी दीर्घकाळ उभी ठेवणार असाल तर टाकीतले पेट्रोल काढून ठेवा. नळीतून पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूच करू नका.

खर्चाचा हिशेब पूर्ण मांडा

'जुनी गाडी पेट्रोल पिते' एवढ्यावर निर्णय घेणारे अर्धाच हिशेब करतात. नीट चालणारी पद्मिनी लिटरला अकरा किलोमीटर देते आणि नवी स्विफ्ट रोजच्या वापरात एकोणीस देते, असे धरू. कंपनीचा दावा २४.८ चा आहे, पण तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा आकडा आहे. महिन्याला १,००० किलोमीटर फिरणाऱ्याला पद्मिनीत सुमारे ९१ लिटर आणि स्विफ्टमध्ये ५३ लिटर लागतील. लिटरचा दर १०५ रुपये धरला तर महिन्याला सुमारे ४,००० रुपये वाचतात. महिन्याला १०० किलोमीटर फिरणाऱ्याचे मात्र केवळ ४०० रुपये वाचतात, आणि तेवढ्यासाठी कर्जाचा हप्ता भरणे परवडणारे नाही.

दुसरी बाजू घसाऱ्याची. विम्याच्या तक्त्यात नवी गाडी पहिल्या वर्षअखेरीस १५ टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत ५० टक्के किंमत गमावते. पद्मिनीची किंमत घसरायची तेवढी कधीच घसरली आहे. नीट राखली तर आता ती टिकून राहते. मात्र तिच्यावर एकदाच मोठा खर्च येतो, तो पत्र्याचा. इंजिन बांधून घेण्यापेक्षा कुजलेला पत्रा बदलणे अधिक खर्चाचे असते. म्हणून इंजिनचा आवाज ऐकण्याआधी गाडीखाली वाका. दरवाज्याखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, डिकीचा तळ, बॅटरीखालची जागा आणि पाटे जिथे सांगाड्याला अडकतात ती टोके पाहा. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरली आहे असे समजा. पाट्यांची टोके कुजली असतील तर ती गाडी रस्त्यावर आणायचा विचार सोडा.

मिस्त्री आहे का?

पद्मिनीची खरी ताकद तिच्या सोपेपणात आहे. पाने, स्क्रूड्रायव्हर आणि सँडपेपरचा तुकडा एवढ्यावर पॉइंट साफ करून ती रस्त्याच्या कडेला सुरू करता येते. स्विफ्ट बंद पडली तर स्कॅनर लागतो, नाहीतर टोचन करून न्यावी लागते. अर्थात ती बंदच क्वचित पडते.

पण सोपी गाडी दुरुस्त करणारा हातही जवळ हवा. पॉइंटचे अंतर आणि कार्बोरेटर कानाने जुळवणारे मिस्त्री आता वयस्कर झाले आहेत. हिंगोलीत, नांदेडला किंवा परभणीला असा एक तरी माणूस तुमच्या ओळखीचा आहे का, हे आधी पाहा. सुट्या भागांचेही तसेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी पद्मिनीच्या भागांचा बाजार अनेक वर्षे जिवंत ठेवला होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली आणि ती मागणी आटली. मुंबईच्या ऑपेरा हाऊस भागातल्या दुकानांत भाग अजून शोधता येतात. ब्रेकचे सिलिंडर आणि लायनर, पंपाचा पडदा, पॉइंट-कंडेन्सर, क्लच प्लेट, काचांची रबरे, एवढे तरी मिळतील तेव्हा घेऊन ठेवा.

कागद : इथेच बहुतेक गाड्या अडतात

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे इथल्या जुन्या गाड्यांवर एमएच-३८ ऐवजी एमएच-२२ किंवा त्याही आधीची तीन अक्षरी पाटी असते. अशा गाडीची नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत आहे का, ते पहिल्यांदा तपासा. नसेल तर मूळ आरसी बुक घेऊन, जिथे नोंदणी झाली त्या परिवहन कार्यालयात ती चढवून घ्यावी लागते.

गाडी वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरून ती आपल्या नावावर करावी. नियमाप्रमाणे हे मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचे असते. राहून गेले असेल तर आता करा. दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. चेसिस आणि इंजिनचे क्रमांक आरसीशी जुळतात का, हेही पाहा. अनेक पद्मिनींत नंतर डिझेल इंजिन किंवा गॅस किट बसवले गेले आणि त्याची नोंद झालीच नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी प्रत्यक्ष तपासून घेऊन ती वाढवावी लागते. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला ते १०,००० रुपये झाले. उशीर झाला तर महिन्याला दंडही वाढत जातो. पर्यावरण कर, पीयूसी, किमान तिसऱ्या पक्षाचा विमा आणि उच्च सुरक्षा नंबर पाटी हे त्याशिवाय. ही पाटी १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सक्तीची आहे. शुल्क बदलत असते, म्हणून अर्ज भरण्याआधी चालू दर पाहून घ्या.

गाडी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि तिचे मूळ रूप बदललेले नसेल, तर जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते. नव्याने नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. पद्मिनी नावाची पहिली गाडीच १९७४ ची, म्हणजे फार थोड्या गाड्या या वर्गात बसतील.

उभी गाडी सुरू करण्याची घाई नको

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला नवी बॅटरी लावून थेट सेल मारणे ही सर्वांत मोठी चूक. आधी टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा. इंजिन ऑइल बदला. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, एक दिवस थांबा आणि मग इंजिन हाताने फिरवून पाहा. ते मोकळे फिरले तरच पुढे जा. ब्रेकच्या रबरी नळ्या आणि चाकांचे सिलिंडर वर वर चांगले दिसले तरी बदला, ब्रेक ऑइल नवे भरा आणि एअर काढा. टायरच्या कडेवर चार अंकी क्रमांक असतो. ३२१४ याचा अर्थ २०१४ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांवरचा टायर वापरू नका. पहिली फेरी अंगणातच मारा आणि ब्रेकची खात्री पटल्याशिवाय फाटकाबाहेर जाऊ नका.

एकाच रस्त्यावर दोन्ही चालवा

शोरूमभोवतीची एक फेरी काही सांगत नाही. शक्य असेल तर दोन्ही गाड्या एकाच वाटेने न्या. हिंगोलीच्या बाजारातली गर्दी, मग औंढा नागनाथकडचा रस्ता, मग थोडा कच्चा रस्ता. दोन्ही वेळी तीच माणसे आणि तेवढेच सामान असू द्या. पाच गोष्टी लिहून काढा : ताशी चाळीसवरून थांबायला किती अंतर लागले, गर्दीत स्टिअरिंग किती जड गेले, मागे बसलेल्या आजींना चढ-उतार कसा जमला, उन्हात इंजिन कुठवर तापले, आणि संध्याकाळी पुढच्या दिव्याच्या उजेडात किती लांबचे दिसले. घरातल्या बाईमाणसांनीही गाडी चालवून पाहावी. जी गाडी घरातला एकच माणूस हाकू शकतो, ती अडचणीच्या वेळी घराच्या उपयोगी पडत नाही.

मग निर्णय काय?

रोजचा प्रवास असेल, महामार्ग असेल किंवा लहान मुले आणि म्हातारी माणसे सोबत असतील, तर नवी गाडी घ्या. नवीच परवडत नसेल तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली वापरलेली गाडी घ्या. तीही या कामासाठी पद्मिनीपेक्षा कितीतरी चांगली.

जुनी गाडी ठेवायची असेल तर तीन गोष्टी हव्यात : कागद तुमच्या नावावर, ओळखीचा मिस्त्री आणि आठवड्यातून एकदा तिला दहा-पंधरा किलोमीटर फिरवणारे माणूस. तिन्ही असतील तर ती जरूर ठेवा. नवी घेतल्यावरही ठेवा. नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला, सकाळच्या वेळी, सावकाश न्या. ज्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, त्या काळातल्या कष्टांची ती खूण आहे आणि ती राखण्यात काहीही गैर नाही.

तिन्हींपैकी एक जरी जमणार नसेल, तर ती राखू शकेल अशा माणसाला विका आणि मालकी बदलल्याची नोंद स्वतः डोळ्यांनी पाहा. पत्राच संपला असेल तर अधिकृत वाहन मोडीत केंद्राला द्या. तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते.

एवढे मात्र करू नका : 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तिला आणखी एक पावसाळा उभी ठेवू नका. पंचवीस वर्षे चाललेली गाडी वापराने संपत नाही, पाच वर्षे उभी राहिली की संपते. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी घरात बसा, कागद काढा आणि निर्णय घ्या.